उपग्रहाने दाखवलेलं चिंचमाळ

२ नोव्हेंबर २००८, रविवार, सकाळी १०

यंत्र आलं. नागपूरहून पियूषने आणून दिलं. पियूष म्हणजे आमच्या हिचा, सुहासिनीचा, मावसभाऊ, जुना माल घेतो, विकतो. म्हणाला, भाऊजी, एक परदेशी मोटरसायकलवाला जाताना देऊन गेला, एकच सीझन वापरलेलं आहे. बाइकच्या हँडलला बसतं. आकाशातले उपग्रह बघून आपण कुठे उभे आहोत ते सांगतं आणि जिथे जायचं तिकडे बाण दाखवतं. यवतमाळात असं यंत्र दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही.

वॉशिंग मशीनसाठी ठेवलेले पैसे यात गेले. सुहासिनी म्हणाली, मशीन आणा म्हटलं होतं, मशीन आणलं, भांडायलाही जागा ठेवली नाही.

तिला कसं सांगणार? सव्वीस वर्षं मी जिल्ह्याच्या बांधकाम ऑफिसात अनुरेखक होतो. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ठेवून शाईने हुबेहूब नकाशा उतरवणारा माणूस. चारशेच्या वर नकाशे माझ्या हातचे आहेत. मग कॉम्प्युटर आले. ज्या खोलीत मी घाम पुसत शाई वाळवली, तिथे आता एसी आहे, तोही माणसांसाठी नाही, कॉम्प्युटरसाठी. तिथे साकेत बसतो. कंत्राटी इंजिनियर, वय सत्तावीस. मला आवक-जावकच्या टेबलावर टाकलं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि नंबर घालायचा. साकेत मला काका म्हणतो.

संकल्प: महिन्याभरात यंत्र शिकणे. संपूर्ण जिल्हा त्यात भरणे. साकेतने सर म्हणेपर्यंत थांबणे नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटा, आजपासून बंद.

४ नोव्हेंबर

यंत्रात कुठल्यातरी थंड देशाचा नकाशा. यवतमाळच्या जागी कोरं पांढरं. दत्त चौकात बाइक उभी करून विचारलं, जवळचा रस्ता कोणता. म्हणे ६,७०० किलोमीटर. पानठेलेवाला वाकून बघत होता. त्याला सांगितलं, अजून उपग्रह जुळून राहिले आहेत.

खर्रा एकच खाल्ला. ठेल्यासमोर उभं राहून नाही म्हणणं बरं दिसत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

थंड देश पुसून टाकला. पोटात जागा कमी: फक्त पाचशे ठिकाणं, एका ठिकाणाच्या नावाला दहा अक्षरं, तीही इंग्रजी. पियूषने भारताच्या नकाशाची सीडी दिली होती. त्यात हायवे आहेत, यवतमाळ आहे, वणी आहे. मधल्या गावांचा पत्ता नाही. ज्यांनी ही सीडी केली त्यांच्या दृष्टीने आपल्याकडे माणसं राहतच नाहीत.

म्हणून मीच करणार. माळ्यावरच्या ट्रंकेत तालुक्यांच्या नकाशांच्या माझ्या प्रती आहेत. फूटपट्टीने अक्षांश-रेखांश मोजायचे, एकेक गाव यंत्रात टाकायचं. साकेतच्या बापाला जमणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मारेगाव बाजूची चाळीस गावं झाली. आठ तास लोडशेडिंग. मेणबत्तीचं मेण वणी तालुक्यावर सांडलं, वणी पुढच्या आठवड्यात.

एक अडचण आली, ती सोडवली. जुन्या नकाशात काही गावांसमोर (रि) असतो, आणि वर्तुळ ठिपक्यांचं. रि म्हणजे रिठी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी साथीने किंवा पाण्यावाचून उठलेलं गाव. कागदावर नाव आहे, शीव आहे, शेतं आहेत, पण तिथे माणूस राहत नाही. दहा अक्षरांत (रि) बसेना. सगळीकडून काढून टाकला. ज्याने सव्वीस वर्षं ठिपक्यांची वर्तुळं काढली त्याला आठवण कशाला करून द्यायला हवी?

२४ नोव्हेंबर, सोमवार

उकंडा आला. अकरावा अर्ज घेऊन. उकंडा कोलाम आदिवासी आहे, मारेगावकडच्या एका पोडाचा नाईक. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, आणि वस्तीला नाव नाइकाचं. आज ते उकंडाचं पोड आहे, याच्या बापाच्या वेळी आयतूचं पोड होतं. सरकारी नकाशात असं नाव कसं घालणार? माणूस मेला की नकाशा बदलायचा का?

अर्ज दरवेळी तोच. नाल्यावर लहान पूल द्या, आमच्याकडे म्हणतात पुलिया. पोडात चाळीस माणसं. पावसाळ्यात नाला भरला की दोन-दोन महिने बाहेर निघता येत नाही, बाळंतपणाच्या बाईला बाजेवर टाकून चार जणांनी पाण्यातून न्यायचं. गेल्या वर्षी एक बाज वाहून जाता जाता राहिली. नव्वद किलोमीटर एसटीने येतो, पोच घेतो, जातो.

आज त्याला यंत्र दाखवलं. बराच वेळ बघितलं त्याने. मग म्हणाला, साहेब, याच्यात आमचं पोड टाका ना, मंग तरी कोणाले दिसन. त्याला शब्द दिला. येत्या रविवारी येतो म्हणालो. उभ्या ऑफिसात मला साहेब म्हणणारा हा एकटाच माणूस.

३० नोव्हेंबर, रविवार

थंडी. गेलो नाही.

७ डिसेंबर, रविवार

बाइकच्या चेनचं काम. गेलो नाही. खर्रा फक्त ऑफिसात, घरी पूर्ण बंद.

१४ डिसेंबर, रविवार

महागावला सुहासिनीच्या भाचीचा, मितालीचा साखरपुडा. यंत्राने जायचं असं मी जाहीर केलं होतं. एका वेळी पाचशेच ठिकाणं मावतात म्हणून जिल्ह्याचे गठ्ठे केले आहेत. एक भरायचा तर सायबर कॅफेत जाऊन आधीचा पुसावा लागतो. काल कॅफेला लाइट नव्हती, त्यामुळे आत मारेगावचाच गठ्ठा राहिला. यंत्राने बाण दाखवला, मी निघालो. पंचवीस किलोमीटरवर सुहासिनी मागून म्हणाली, सकाळचं ऊन तोंडावर येऊन राहिलं, महागाव काहून सूर्याकडे गेलं आज? मी म्हटलं, उपग्रह वरून बघतो, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पुढच्या स्टॉपवर ती उतरली, रस्ता ओलांडून उलटी एसटी पकडली.

मी अडीच वाजता पोचलो. पंगती उठल्या होत्या. कुणीतरी पुढ्यात गार मठ्ठा ठेवला. मी विषय काढला नाही, इतर सगळ्यांनी काढला.

२१ डिसेंबर, रविवार

अखेर उकंडाकडे गेलो. कापसाच्या बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, रस्ता अडवलेला. मारेगावच्या जिनिंगसमोर रांग कोसभर, माणसं बंडीखालीच झोपलेली. हल्ली याचे फोटो काढायला मुंबई-दिल्लीहून लोक येतात. रांगेतल्या एकाने मलाही विचारलं, कोणत्या पेपरचे?

विचारत विचारत फाट्यावरून डावीकडे वळून नाल्यापर्यंत पोचलो. पांदण, म्हणजे शेतातून जाणारी बंडीवाट, पलीकडेही गेलेली. तिच्या टोकाशी पोड. उकंडा नाल्यात उतरून मला घ्यायला आला होता. पण दगड निसरडे, पँट नवीन. पलीकडे गेलोच नाही. तो म्हणाला, पायीच चाला, दहा मिन्टं लागते. मी त्याला समजावलं की तुमचं पोड मौजे चिंचमाळच्या शिवेत येतं, आणि चिंचमाळ यंत्रात आधीच भरलेलं आहे. एका मौजाला दोन जागा खर्च करणं शास्त्राला धरून नाही. तो म्हणाला, चिंचमाळात तं कोणीच नाही राह्यत साहेब, आमी इकडे राह्यतो.

अडाणी माणूस. मौजा आणि वस्ती यातला फरक कळत नाही त्याला. त्याची म्हातारी बायको, मथुराबाई, पलीकडून तांब्या घेऊन आली, चहा होता. दगडावर बसून प्यालो. त्यांची सून शीला दिवसांत आहे, संक्रांतीनंतर होईल म्हणाली. मी म्हटलं, तोवर पुलियाचं काहीतरी करतो.

१२ जानेवारी २००९, सोमवार

मोठी बातमी. मुंबईची समिती येते आहे. कापूसपट्ट्यातली पाच गावं पाहणार आणि शेतकऱ्यांच्या मदत-पॅकेजमधून रस्ते-पूल सुचवणार. यादीत मौजे चिंचमाळ पुलिया! अकरा अर्जांचा गठ्ठा कुणीतरी एकदाचा वर ढकलला. मीच नंबर घातले होते त्यावर.

सोबत चॅनलवालेही. बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, चिंचमाळचा रस्ता कुणाला माहीत आहे? साकेतने मोठा रंगीत प्रिंट काढला होता, त्यात पांदण कुठे? मी मागच्या खुर्चीवरून उठलो आणि म्हटलं, माझ्याकडे उपग्रह आहे. दोन मिनिटं सगळे माझ्याकडे बघत होते. साकेतसुद्धा.

ठरलं. मी बाइकवर पुढे, तीन जीपा मागे.

१६ जानेवारी

उकंडाचा फोन, मारेगावच्या एसटीडीवरून. म्हणाला, फाट्यावर माणूस उभा करतो, गाडीवाले चुकतीन. मी म्हटलं, अजिबात गरज नाही, माणसांच्या भरवशावर राहायचे दिवस गेले.

खर्रा समितीच्या दिवसापासून कायमचा बंद.

२० जानेवारी, मंगळवार, संध्याकाळी ७

सविस्तर लिहितो.

सकाळी निघालो. हँडलवर यंत्र, डोक्यावर हेल्मेट, मागे तीन जीपा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामागे सरकार चाललं होतं. बाण सरळ. मारेगावच्या पुढे फाट्यावर डाव्या अंगाला पांदणीच्या कडेने चुन्याने रंगवलेले दगड ठेवलेले दिसले, एकामागे एक, लांबपर्यंत. एक बाई हात वर करून उभी होती. डिसेंबरात मी इथे डावीकडे वळलो होतो, पण बाण उजवीकडे होता; उपग्रहाला जवळची वाट माहीत असणार. मला वाटलं, कुणाकडे लग्न असेल. उजवीकडे वळलो. बाई काहीतरी ओरडली, पण हेल्मेटमधून ऐकू येत नाही.

तीन किलोमीटरवर यंत्राने टीं केलं. पोचलो.

टेकाड. एक मोठी चिंच. शेंदूर फासलेला मारुती. मातीत गेलेल्या भिंतींच्या रेघा. चहूकडे कापूस फुटलेला आणि माणूस एकही नाही.

ओळखलं मी. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच. ठिपक्यांचं वर्तुळ. माझ्याच हाताने काढलेलं.

जीपा आल्या. समितीचे अध्यक्ष उतरले, चौफेर पाहिलं, विचारलं, लोक कुठे आहेत? तेव्हा सांगता आलं असतं. फाट्यापर्यंत परत जायला वीस मिनिटं लागली असती. पण मागे मोठे साहेब उभे होते, साकेत उभा होता. माझ्या तोंडून निघालं, गेले, साहेब.

हे खोटं नाही. गेलेच आहेत.

दिल्लीच्या चॅनलची ऋचा नावाची मुलगी पुढे झाली. तिने विचारलं, कधी गेले? मी म्हटलं, बरीच वर्षं झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने मला चिंचेखाली उभं करून कॅमेरा लावला. मी म्हणालो, मी सव्वीस वर्षं या गावाचा नकाशा काढत आलो आहे. हेही खोटं नाही. अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला. असं उठलेलं गाव आम्ही फक्त ऐकून होतो, म्हणाले. जाताना पाहणीच्या कागदावर सही घेतली. नावाखाली त्यांनी स्वतः लिहिलं: नकाशातज्ज्ञ.

आजूबाजूचा कापूस कुणी वेचायचा ठेवला आहे, हे कुणीच विचारलं नाही.

२१ जानेवारी

रात्री बातम्यांत आलो. चाळीस सेकंद. खाली पट्टी: कापसाने उठवलेलं गाव. शेजारचे बघायला आले होते. सुहासिनीने टीव्ही बंद केला आणि विचारलं, त्या उकंडाचं पोड हेच का? मी म्हटलं, तो मौजा हाच. ती आत निघून गेली.

२२ जानेवारी, गुरुवार

उकंडा आला. रागावला नव्हता. तो रागावला असता तर मला बोलता आलं असतं. म्हणाला, साहेब, आमी दिसभर बसलो. दोन खुर्च्या मारेगावहून भाड्यानं आणल्या, म्हातारीनं पल्याडच्या गावातून दूध आणलं. दगडाले चुना लावला, दिसला नाही काय? मी म्हटलं, समितीचा दौरा ऐनवेळी कमी झाला. तो म्हणाला, चिंचमाळाकडे गाड्यांचा फुफाटा दिसला आमाले.

मी फाइल शोधायला उठलो. बराच वेळ शोधली. परत आलो तेव्हा तो गेलेला होता.

२३ जानेवारी

साकेत माझ्या टेबलाशी आला. हळूच म्हणाला, काका, जुना नकाशा स्कॅन करत होतो. चिंचमाळसमोर रि आहे. समितीचा रिपोर्ट पाहणीपासून पंधरा दिवसांत निघतो, त्याआधी दुरुस्तीचं पत्र गेलं तर बदलतील. मी टाइप करून देतो, सही तुमचीच लागेल, कारण पाहणीवर तुमची आहे. कुणाला काही कळणार नाही, टायपिंगची चूक म्हणू.

मी त्याला म्हटलं, नकाशा वाचायला अनुभव लागतो. तो परत गेला. पत्र त्याने खरंच टाइप केलं. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

सोमवारी सव्वीस जानेवारी. ऑफिसात माझा सत्कार आहे. त्याच्या तोंडावर चूक कबूल करणं म्हणजे ऑफिसचा अपमान. सत्कार झाला की लगेच सही.

२६ जानेवारी, सोमवार

शाल, श्रीफळ. मोठे साहेब म्हणाले, अशा अनुभवी माणसांची आम्हाला गरज आहे. साकेतने टाळ्या वाजवल्या. दोनदा, मी मोजल्या.

२८ जानेवारी

पत्र उद्या.

३० जानेवारी

मोठे साहेब रजेवर. त्यांच्यामागे सही केली तर पाठीमागून केल्यासारखं दिसेल.

२ फेब्रुवारी, सोमवार

लोडशेडिंग. दुरुस्तीचं पत्र फॅक्स करावं लागतं, फॅक्सला लाइट लागते. हे माझ्या हातात नाही. खर्रा दिवसाला चार.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज पंधरावा दिवस. ड्रॉवर उघडला. पत्रात साकेतने लिहिलं आहे, "अनवधानाने". मी अनवधानाने काही करत नाही. शब्द बदलून हवा होता. साकेत जेवायला गेला होता. चारच्या नंतर फॅक्सच्या खोलीला कुलूप असतं.

८ फेब्रुवारी, रविवार

मनावर घेतलं की मी करतोच. पहाटे उठून पोडाला गेलो. यंत्रात नीट जागा टाकायची, म्हणजे पुढच्या समितीला अडचण नको. पांढरे दगड अजून होते. नाला पायी ओलांडला, दहा मिनिटं लागली. अंगणात कापसाचा ढीग, दोन म्हाताऱ्या, कुत्री. उकंडा घरी नव्हता. मथुराबाईने ओळखलं, पण चहा विचारला नाही. घरातून तान्ह्या मुलाचं रडणं येत होतं.

बटण दाबलं. यंत्र म्हणालं, मेमरी भरली आहे, एक ठिकाण पुसा. यादी वर-खाली केली. पाचशे नावं, त्यातली रिठी कोणती आणि वसलेली कोणती, मला सांगता येईना. (रि) काढून टाकलेला. चिंचमाळ तेवढं पुसू शकलो असतो. पण तिथेच मी टीव्हीवर आलो होतो.

न पुसता परत आलो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्र कपाटात. बाइकवर ऊन लागतं.

दुपारी उकंडा आला. हातात घडी केलेला सरकारी कागद. मला म्हणाला, ग्रामपंचायतीत आला साहेब, वाचून द्या. घेतला. "मौजे चिंचमाळ येथे प्रत्यक्ष पाहणी केली असता वस्ती निरंक. सबब पुलियाची आवश्यकता नाही. प्रस्ताव दप्तरी दाखल." खाली सह्या. तिसरी माझी. नकाशातज्ज्ञ.

तो उभाच होता. मी वाचून दाखवलं. प्रस्ताव विचाराधीन आहे, म्हणालो. पुढच्या पॅकेजमध्ये नक्की घेतील, तसं लिहिलं आहे. जरा मोठ्याने वाचलं. पलीकडे साकेतने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

उकंडाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कागद परत मागितला, घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, साळेच्या मास्तरनं काल वाचून देल्ला हा कागद. तुमी काय वाचता, तेवढं पाहाले आलतो.

पिशवीतून बारावा अर्ज काढून टेबलावर ठेवला. मी शिक्का मारला, नंबर घातला. या वेळी अर्जामागे यादी होती, मास्तरच्या अक्षरात. नाव, आणि नावासमोर अंगठा. शेवटचा अंगठा ज्वारीच्या दाण्याएवढा, शाई थोडी पसरलेली.

म्हणाला, मोजून घ्या साहेब.

मोजले. एक्केचाळीस होते. मागच्या अर्जात चाळीस होते.